पिपरीचा पोळा : दावणीचा बैल आणि लाकडाचा नंदी

वर्धा शहराच्या अंगाला बिलगून जी खेडी आहेत, त्यांतल्या काहींच्या नावामागे 'मेघे' हा शब्द लागतो. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे आणि आज आपण ज्या गावी जाणार आहोत ते पिपरी मेघे. नवखा माणूस या नावांनी गोंधळतो. 'सिंदीला जायचे आहे' असे म्हटले, की समोरचा लगेच विचारतो, "कोणती सिंदी जी, मेघे का रेल्वे?" कारण याच जिल्ह्यात नागपूरच्या रेल्वेमार्गावर दुसरी एक सिंदी आहे. तिच्याकडेही आपल्याला शेवटी वळायचे आहे. पण आधी पिपरी.

पिपरी आता नावाचेच खेडे उरले आहे. वर्ध्याची वस्ती कुठे संपते आणि पिपरी कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण. खुद्द वर्धा शहर तरी किती जुने? जिल्हा झाला १८६२ मध्ये आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर शहर वसवले गेले १८६६ मध्ये. म्हणजे हे शहर जन्मले तेच एका खेड्याच्या मातीत, आणि वाढता वाढता ते शेजारच्या खेड्यांच्या शिवारात शिरले. जिथे काल कपाशीची तासे होती तिथे आज लेआऊटचे दगड रोवलेले दिसतात. सिमेंटची घरे, दारात मोटारसायकली, कोपऱ्यावर मोबाईलचे दुकान.

असे असूनही श्रावणातली अमावास्या आली, की या घरांमधून घुंगरांचा आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी आणि त्याच्यामागचे कारण शोधण्यासाठी पोळ्याच्या दिवसांत या भागात जावे. परदेशांत शेतकऱ्यांची मोठमोठी प्रदर्शने भरतात. तिथे गायी-बैल रांगेने उभे करतात, पारखी लोक त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात, बक्षिसे देतात. आपल्याकडे असे प्रदर्शन गावोगावी, एकाच दिवशी, कोणी जाहिरात न देता भरत आले आहे. त्याचेच नाव पोळा.

आदल्या दिवशीची खांदमळणी

विदर्भात पोळा एका दिवसाचा नसतो. आदल्या दिवसापासून त्याची सुरुवात होते. त्या दिवशी बैलांना नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुतात. संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना तूप किंवा लोणी आणि हळद लावून पळसाच्या पानांनी खांदे चोळतात, शेकतात. याला कोणी खांदमळणी म्हणतो, कोणी खांदशेकणी. मग घरधनी बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. घरच्या पाहुण्याला द्यावे तसे, अगदी अदबीने.

हा विधी वरवर पाहिला तर भाबडा वाटेल. पण त्याची वेळ पाहा. मृग बरसला, की पेरणी. त्यानंतर डवरणीचे फेर. आषाढ-श्रावणात बैलाच्या मानेवरचे जू क्वचितच उतरते. अंगावर पाऊस, खांदा ओला, त्यावर लाकडाचा दाब. या दिवसांतच खांदेसूज होते, कातडी सोलते, गाठ येते. पोळा येतो तेव्हा खरीपातले जड काम बरेचसे ओसरलेले असते. नेमक्या त्याच वेळी मालकाने आपल्या हाताने बैलाचा खांदा चाचपून पाहावा, अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. हाताला गाठ लागली, बैलाने अंग चोरले, की समजावे इथे दुखते आहे. वर्षातून निदान एकदा तरी ही तपासणी चुकू नये म्हणून तिला सणाचे रूप दिले असावे, असे आम्हाला वाटते.

पण आज काही घरांत हळदीचे बोट टेकवले, की खांदमळणी आटोपते. मळायचा खांदा तसाच राहतो.

तोरणाखाली

पोळ्याच्या दिवशी बैलाला काम नाही. सकाळपासून त्याचा साज सुरू होतो. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरांच्या आणि कवड्यांच्या माळा, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. ज्याची ऐपत मोठी त्याची झूल नक्षीची. ज्याची लहान त्याने अंगावर गेरूचे ठसे उठवले, तरी बैल शोभून दिसतो. मालकापेक्षा या दिवशी सालदाराची लगबग जास्त. पाडव्याला ज्याचे साल ठरले, ज्याने उन्हातान्हात त्या जोडीमागे पावले झिजवली, त्याच्या मेहनतीचेही हे प्रदर्शन असते. बैल चांगला दिसला तर लोक मालकाचे नाव घेतात, पण जाणते लोक विचारतात, "गडी कोण आहे याच्याकडं?"

दुपार कलली, की जोड्या आखराकडे निघतात. आखर म्हणजे गावाची गुरे गोळा होण्याची मोकळी जागा. तिथे दोन बाजूंना खांब रोवून आंब्याच्या पानांचे लांबलचक तोरण बांधलेले असते. त्याखाली जोड्या ओळीने उभ्या राहतात. ढोल-ताशे वाजत असतात. मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे पोळ्यातले चढाओढीचे बोल. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. त्यात महादेव-पार्वतीला नमन असते, शेजाऱ्याला चिमटा असतो, कापसाच्या भावावरून सरकारला टोमणाही असतो. शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' म्हणायचे. शेतकऱ्याच्या मनातले जे एरवी अर्जात मावत नाही, ते झडतीत मावते.

पूजा झाली, मानाची जोडी पुढे निघाली, तोरण तुटले, की 'पोळा फुटला'. जोड्या मारुतीच्या पाया पडून घरोघर जातात. घरची लक्ष्मी बैलांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी आणि ज्वारीचा ठोंबरा खाऊ घालते, आणि बैल घेऊन येणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे पोळ्याची ओवाळणी. पैसे थोडे असतील, पण 'बैलाच्या निमित्ताने माणसाचाही मान' हा त्यातला अर्थ मोठा आहे.

पळसाच्या डहाळ्यांचे मेढे दारी ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते रोगराईसकट गावाबाहेर नेऊन टाकायचे, ही रीतही या भागात आहे. नागपुरात त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. कारण एकच. पावसाळ्यात माश्या, गोचिडे, रोग वाढतात. ते घरातून आणि गोठ्यातून गेले पाहिजेत.

रांगेतला पांढरा बैल

आता तोरणाखालची रांग नीट न्याहाळा. ढोलांकडे थोडी पाठ करून बैलांकडे पाहा. कुठे संकरित गायीचा गोऱ्हा दिसेल, कुठे बाजारातून आणलेला परमुलखातला थोराड बैल. पण त्यांत एखादी जोडी अशी असेल, की नजर तिथे थांबेल. पांढराशुभ्र रंग, नराच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या भागावर राखी झाक. चेहरा लांबट आणि अरुंद, डोळे बदामासारखे, शिंगे आखूड, बोथट, किंचित मागे वळलेली. अंग उंच-थोराड नाही, पण लांब आणि सडपातळ. ती गवळाऊ. वर्धा जिल्ह्याची स्वतःची जात.

आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांचा डोंगराळ, गवताळ पट्टा हे तिचे माहेर. नागपूर जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडेही ती आढळते. नंद गवळी समाजाने पिढ्यान्पिढ्या ही गुरे राखली. मराठ्यांच्या फौजांना डोंगरी मुलखात सामानसुमान जलद पोचवणारा बैल हवा होता आणि त्या गरजेतून ही चपळ जात घडली, असे पशुतज्ज्ञ सांगतात. बंडीला ओझ्यासाठी जुंपायला थोराड बैल बरा. पण रेंगी किंवा दमणीला जुंपून पाहुण्यांना गाठायचे असेल, तर गवळाऊची जोडी पाहिजे, असे जुने लोक सांगत. जड ओझ्यात ती मागे पडेल, पण चालीत तिला तोड नाही. ऊन तिला सोसते, कमी चाऱ्यात ती तग धरते.

दुधाला मात्र ही गाय बेताचीच. एका वेतात सरासरी सुमारे ६०० किलो दूध, आणि त्यात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या थोडा वर. संकरित गाय याच्या कितीतरी पट दूध देते. म्हणून दुधाचा हिशेब मांडणाऱ्याने गवळाऊ सोडली, आणि बैलाचा हिशेब मांडणाऱ्याला ट्रॅक्टर मिळाला. दोन्ही बाजूंनी तिचा आधार सुटला. हे केवळ वर्ध्याचे दुखणे नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली एकूण गोवंशाची संख्या १९ कोटी २४ लाखांच्या आसपास भरली. ती आधीच्या गणनेपेक्षा किंचित वाढलेली होती. पण त्यांतली देशी जनावरे ६ टक्क्यांनी घटली होती. वाढ झाली ती संकरित आणि विदेशी गुरांची. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊच्या जोपासनेसाठी सरकारी पशुपैदास क्षेत्र उभारले गेले, हे चांगले झाले; पण जात टिकते ती सरकारी गोठ्यापेक्षा शेतकऱ्याच्या दावणीला.

वर्ध्याने एकदा विचार केला होता

आणि हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. पिपरीपासून शहर ओलांडून नागपूर रस्त्याला लागले, की नालवाडी येते. तिथेच गोपुरी. शेठ जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरीस दुसरी सगळी कामे बाजूला ठेवून गांधीजींच्या सल्ल्याने गायीचे काम हाती घेतले. १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ सुरू झाला. जमनालालजी गोपुरीला झोपडीत राहू लागले. पण हे काम त्यांच्या हातून फार दिवस व्हायचे नव्हते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले.

त्या संघाच्या नावात 'रक्षा' नाही, 'सेवा' आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सभासदाने गायीचेच दूध-तूप खावे आणि चामडे वापरायचे तर आपोआप मेलेल्या जनावराचेच वापरावे, असा नेम होता. म्हणजे गायीला हात जोडून भागणार नाही. तिच्या दुधाला गिऱ्हाईक व्हा, तिच्या शेणाला शेत द्या, ती मेल्यावर तिच्या कातड्याचेही मोल करा. असे झाले तरच गरिबाच्या घरी गाय टिकेल, हा रोकडा विचार त्यामागे होता. नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी १९३५ च्या सुमारास चर्मालय चालवले, ते याच विचाराच्या वाटेवरचे. वर्ध्याचा गोरसपाक पुष्कळांनी खाल्ला असेल. गायीच्या तुपात केलेला तो खुसखुशीत पदार्थ गोरस भांडाराने घरोघर पोचवला. वर्ध्याहून परतताना पाहुणा गोरसपाकाचा पुडा घेतो, तेव्हा तो नकळत या जुन्या हिशेबात आपला वाटा टाकत असतो.

बैल का परवडेना?

पोळ्याच्या गर्दीतून बाजूला होऊन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत बसलो होतो. त्यांची जोडी शेजारच्या कडुनिंबाला बांधलेली.

"बाबा, किती वर्षांपासून बैल ठेवता?"

"जलमापासून म्हणा ना भाऊ. माह्या बापाच्या चार जोड्या होत्या. माही एक उरली."

"ही तरी राहणार ना?"

म्हातारबाबा थोडे हसले. "पोरगा म्हणते, इकून टाका. त्याचं खोटं नाही जी. कडबा आणावं कुठून? पण मी म्हणतो, जोडी इकली त मंग पोळ्याले मी कुठं उभा राहू?"

त्यांच्या या दोन वाक्यांत सारा प्रश्न आला. 'कडबा आणावा कुठून' हा हिशेब आणि 'मी कुठे उभा राहू' हा मान. नुसत्या मानावर बैल जगत नाही, म्हणून आधी हिशेब पाहू.

एके काळी वर्ध्याच्या शिवारात कपाशीच्या जोडीला ज्वारी हमखास असे. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा बैलाला. १९८० नंतरच्या काळात सोयाबीन आले, हळूहळू पसरले आणि ज्वारी मागे हटली. रानडुकरांच्या त्रासाने उरलीसुरली ज्वारीही अनेकांनी सोडली. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण कडब्याची सर त्याला नाही. म्हणजे पीक बदलले आणि बैलाचे ताट आपोआप हिरावले गेले. चराईच्या ई-क्लास जमिनी आक्रसल्या. शहराजवळच्या गावांत तर गुरे चारायला नेणारा गुराखीच मिळत नाही. नांगरट, वखरणी ट्रॅक्टरने होऊ लागली. तणनाशकाने डवरणीचे फेर कमी केले. वर्षभर खायचे आणि मोजकेच दिवस राबायचे, असा बैल कोणाला परवडेल?

आणखी एक अवघड गोष्ट आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. आपण गोठ्यापुरते बोलू. पूर्वी थकलेली जोडी विकून त्या पैशांत थोडी भर घालून शेतकरी नवी जोडी घेई. आता थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक सहसा मिळत नाही. काही घरे त्याला शेवटपर्यंत पोसतात, त्यांना दंडवत. पण ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे, तो नवीन जोडी घेण्याआधी दहा वेळा विचार करतो. बैल जपायचा तर त्याच्या म्हातारपणाची सोयही कोणाला तरी करावी लागेल, आणि ती एकट्या गरीब शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

मध्यंतरी रोगराईनेही फटका दिला. २०२० मध्ये करोनामुळे पोळा घरच्या घरी झाला. २०२२ आणि २०२३ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यात ठिकठिकाणी जनावरे एकत्र आणण्यावर बंधने आली. दावण रिकामी करायला एवढे निमित्तही काहींना पुरले.

लाकडाचे नंदी

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा, तान्हा पोळा. सुताराने केलेले चाकांचे लाकडी नंदी सजवून मुले मिरवतात, घरोघर जाऊन बोजारा मागतात. नागपूरच्या रघुजीराजे भोसले दुसरे यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. पूर्व विदर्भाबाहेर ती फारशी दिसत नाही. आणि वर्धा जिल्ह्यात तान्ह्या पोळ्याचे नाव काढले, की बोट सिंदी रेल्वेकडे जाते. सुरुवातीला आपण जिच्याकडे वळू म्हटले होते, तीच ही सिंदी. तिथला तान्हा पोळा लांबलांबची माणसे पाहायला येतात. नंदी हातात मावणारे नव्हेत, माणसाच्या डोक्यावरून जाणारे. सोबत देखावे, वाजंत्री आणि सारे गाव रस्त्यावर.

हा सोहळा देखणा आहे. मुलांना त्यातून बैलाची माया लागावी हाच मूळ हेतू. पिपरीसारख्या वस्तीतही नोकरदारांची मुले फेटे बांधून छोटे नंदी ओढताना पाहिली, की मन हरखते. पण थोडे थांबून पाहिले तर खटकते. मोठ्या पोळ्याच्या रांगा आखडत आहेत आणि तान्ह्या पोळ्याच्या रांगा लांबत आहेत. लाकडाच्या नंदीला कडबा लागत नाही, त्याचा खांदा सुजत नाही, तो म्हातारा होत नाही. नंदी ओढणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी खऱ्या बैलाच्या गळपोळीला हात लावला असेल?

बैलांच्या दुसऱ्या मोठ्या सोहळ्याचेही असेच. विदर्भातला शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर त्यासाठी नावाजलेले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा न्यायालयाने मान्य केला. शंकरपटामुळे काही चपळ जोड्यांना पुन्हा मोल आले, हे खरे. पण तो पटावरचा बैल. तिफणीमागचा बैल शर्यतीने वाचणार नाही.

पोळ्याचे खरे प्रदर्शन व्हावे

मग करायचे काय? हळहळून भागणार नाही. काही गोष्टी गावाला स्वतःच्या बळावर करता येतील.

पहिली गोष्ट बक्षिसांची. गावोगावी पोळ्यात उत्कृष्ट बैलजोडीला बक्षीस देतात. ते बहुधा सजावटीला मिळते. जो जास्त खर्च करील तो जिंकतो. त्याऐवजी परीक्षकांत एखादा जाणता शेतकरी आणि पशुवैद्यक बसवावा. जोडीची उंची जुळते का, खूर धड आहेत का, खांदा निकोप आहे का, वेसणीची जखम नाही ना, अंगावर चाबकाचे वळ नाहीत ना, हे पाहून गुण द्यावेत. एक बक्षीस घरच्या गायीच्या पोटच्या जोडीला, एक गवळाऊला आणि एक गड्याला. सालदाराच्या हातात बक्षीस पडू द्या, पुढच्या वर्षी जोडी आणखी चकाकेल.

दुसरी गोष्ट वळूची. चांगला वळू एकट्याने पोसणे कठीण. पण चार-पाच गावांनी मिळून एक ठेवता येतो. ते जमत नसेल तर गवळाऊच्या रेतमात्रा मिळतील का, याची जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. सगळ्या गायी भरवण्याची गरज नाही. घरची एक गाय या जातीची राखली तरी पुष्कळ.

तिसरी गोष्ट भाड्याच्या कामाची. पावसाळ्यात काळी माती ओली असली, की ट्रॅक्टर शेतात जात नाही, आणि पीक वाढले, की तासातून चालतो तो डवराच. त्या वेळी बैलजोडीची वाट पाहणारे बरेच असतात. जोडीवाल्याने आपले काम आटोपून इतरांची डवरणी केली तर बैलाचे राबण्याचे दिवस वाढतात, आणि तो परवडू लागतो. शिवाय शेणाचा हिशेब विसरू नये. मोठे जनावर दिवसाला सुमारे १० किलो शेण देते. जोडीचे वर्षाचे ओले शेण ७ टनांच्या आसपास होते. खताच्या पिशवीच्या भावाशी ते ताडून पाहावे.

चौथी गोष्ट चाऱ्याची. बांधाला एक तुकडा ज्वारीचा किंवा चाऱ्याचा ठेवावा. सोयाबीनचे कुटार पावसात भिजू न देता झाकून ठेवले तर उन्हाळ्यात तेच उपयोगी पडते.

आणि आता माऊल्यांसाठी दोन शब्द, कारण पोळ्याच्या दिवशी बैलाचे ताट तुमच्या हाती असते. मायेपोटी पुरणपोळ्या, ठोंबरा, गूळ असे भरमसाठ खाऊ घालू नये. बैल घरोघर जातो आणि प्रत्येक घरी घास खातो. एरवी कडबा-कुटारावर राहणाऱ्या जनावराला एकदम पीठ-साखर जास्त झाली, की पोटात आम्ल वाढते. रवंथ बंद होते, पोट फुगते, पातळ शेण पडते, कधी जिवावरही बेतते. घास-दोन घास नैवेद्याचे द्यावेत, बाकी पोट चाऱ्याने भरावे. रवंथ थांबलेले दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे, सकाळची वाट पाहू नये. शिंगे तासून त्यांवर भिंतीचे ऑईलपेंट फासणे टाळावे; गेरू आणि हळद पुरे. प्लॅस्टिकच्या माळा तर नकोतच. त्या तुटून गव्हाणीत पडल्या, की पोटात जातात. आणि खांदमळणीला हळदीचे नुसते बोट न टेकवता दोन्ही तळहातांनी खांदा चोळावा. गाठ लागली तर तो बैल बरा होईपर्यंत जुंपू नये आणि जू आधी पाहावे. बहुतेक वेळा दोष जुवाचा किंवा विजोड उंचीचा असतो.

लाकडाच्या नंदीवर आमचा राग नाही. उलट त्याच्याकडूनही काम करून घेता येईल. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी शाळेच्या गुरुजींनी मुलांना आपल्या गावच्या एखाद्या गोठ्यात न्यावे. ज्याच्या दावणीला जोडी आहे, त्याने पोरांना बैलाच्या पाठीवरून हात फिरवू द्यावा, वशिंड कशाला म्हणतात, शिवळा कुठे बसते, दात पाहून वय कसे ओळखतात ते सांगावे. मग दुपारी त्यांनी आपापले नंदी खुशाल मिरवावेत.

कडुनिंबाखालच्या त्या म्हातारबाबांची जोडी तेवढ्यात उठली. वाजंत्री पुढे सरकली होती. त्यांनी कासरा हाती घेतला, डाव्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चाला भाऊ, घरी बुडी ओवाळाची थांबली आहे." बैल निघाले. त्यांच्यामागे लेआऊटमधल्या घरांच्या दारांत बाया पाण्याचे तांबे आणि ताटे घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच घरी गोठा नाही. पण बैल दारी आला तर पायावर घालायला पाणी आहे. दारी येणारा बैल गावात टिकावा, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.